तिसऱ्या मजल्यावरचा बळीराजा

अप्पा दारात उभे राहून तुमच्या हातावर चार भेंड्या ठेवतात, तेव्हा त्या घ्यायच्या कशा याचे काही नियम आहेत. 'अरे वा!' एकदम म्हणायचं नाही. आधी भेंडी उजेडाकडे धरायची. मग तिचं टोक मोडून बघायचं. कोवळी असली तर टचकन मोडते, आणि अप्पांची मोडतेच, कारण जून झालेली त्यांनी बियाण्याला ठेवलेली असते. टोक मोडलं की अप्पांकडे बघायचं आणि मग 'अरे वा!' 'इतक्या कशाला?' म्हणू नये, त्यांना त्यात टोमणा दिसतो. 'भरपूर निघतात वाटतं?' हेही म्हणू नये, कारण भरपूर निघत नाहीत. सगळ्यांत मोठं पाप म्हणजे त्या चार भेंड्या बाजारातल्या पाव किलोत मिसळणं. घरात माणसं पाच असली तरी या चार भेंड्यांची भाजी वेगळी, छोट्या कढईतच व्हायला हवी. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तोंडी परीक्षा असते.

"कशी लागली?"

"सुरेख."

"चिकट नव्हती ना?"

"छे!"

"नसणारच. औषधाचा थेंब नाही मारलेला तिच्यावर," असं म्हणून अप्पा खिशातल्या डबीतून रक्तदाबाची गोळी काढतात आणि तळमजला यायच्या आत पाण्याशिवाय गिळतात.

असे एक अप्पा हल्ली सोसायटीगणिक असतात. आमचे कोथरूडचे आहेत. डोंबिवलीत असतात, नाशकात असतात, न्यू जर्सीत बर्फ वितळायची वाट बघत मेथीचे दाणे हाताशी घेऊन बसलेलेही असतात. ते बहुधा निवृत्त असतात. नोकरीत असताना त्यांनी तुळशीलाही पाणी घातलेलं नसतं आणि भाजीबाजाराशी त्यांचा संबंध मंडईबाहेर स्कूटर चालू ठेवून काकूंची वाट बघण्यापुरता आलेला असतो. आमच्या अप्पांचं हे सगळं २०२०च्या टाळेबंदीत सुरू झालं. त्या दिवसांत लोकांनी पुष्कळ गोष्टी सुरू केल्या आणि शहाण्यांनी २०२१मध्ये बंदही केल्या. अप्पांनी डब्यातले धणे लाटण्याखाली रगडून एकेकाच्या दोन फाकी केल्या आणि आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात पेरल्या. आठवडा गेला तरी काही दिसेना. मग एका सकाळी हिरवे कोंब वर आले आणि ते बघायला अप्पांनी काकूंना गॅसपासून ओढत गॅलरीत नेलं. तेवढ्यात चहा उतू गेला. ती कोथिंबीर एका वेळच्या पोह्यांवर संपली, पण काकू म्हणतात, त्या दिवसापासून आमच्या घरात रोज काहीतरी उतू जातंच आहे.

गॅलरी साठ चौरस फुटांची. पहिलं वर्ष शेणखतावर भागलं. दुसऱ्या वर्षी अप्पा जीवामृतापर्यंत पोचले. ही कृती सुभाष पाळेकरांची: एका एकराला २०० लिटर पाणी, १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. गोणपाट टाकून सावलीत ठेवायचं आणि रोज काठीनं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं ढवळायचं. पाळेकरांना २०१६मध्ये पद्मश्री मिळाली, ती एकरांत शेती करणाऱ्यांसाठी केलेल्या कामाबद्दल. एका एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. त्रैराशिक मांडलं तर अप्पांच्या गॅलरीला चौदा ग्रॅम शेण, पावणेतीन ग्रॅम गूळ, तेवढंच बेसन आणि ते कालवायला पेलाभर पाणी पुरलं असतं. जन्मभर लेखापाल असलेल्या माणसाला हे त्रैराशिक सुचलं नसेल असं मला वाटत नाही. पण पेलाभर जीवामृत चमच्यानं ढवळावं लागतं आणि अप्पांना काठी हवी होती.

म्हणून निळं पिंप आलं. वारज्याकडच्या गोठ्यातून रिक्षानं शेण आलं, ते लिफ्टनं वर गेलं, आणि लिफ्ट त्या दिवशी पुढचे सगळे मजले त्या वासासकट फिरली. दिवाळीच्या लाडवांचं बेसन पिंपात गेलं हे काकूंना लाडू करायला बसल्यावर कळलं. सोसायटीनं फळ्यावर सूचना लावली: 'लिफ्टमधून शेण, गोमूत्र व तत्सम पदार्थ नेऊ नयेत.' तत्सम म्हणजे नेमकं काय, यावर अप्पांनी सर्वसाधारण सभेत खुलासा मागितला. गांडूळ तत्सम आहे का? मासळीचं खत तत्सम असेल तर मासळीही तत्सम धरणार का? यावर चौथ्या मजल्यावरचे मालवणी गृहस्थ उभे राहिले आणि ती सभा लिफ्टच्या विषयावरून जी घसरली ती पार्किंगपर्यंत जाऊन थांबली. अप्पांना तेवढ्या गोंधळात गच्चीचा एक कोपरा मिळाला. कसा, ते इतिवृत्तात नाही.

गच्चीवर दुधीचा मांडव चढला. आता, दुधीचं फूल पांढरं असतं आणि संध्याकाळी उमलतं. रानात त्याच्याकडे अंधारात उडणारे पतंग येतात. कोथरूडचे पतंग रस्त्यावरच्या दिव्यांना चिकटलेले असतात, ते गच्चीकडे फिरकत नाहीत. मग माणसाला मध्यस्थी करावी लागते. नर फुलाचा देठ लांब, सडसडीत. मादी फुलाच्या बुडाशी लव असलेला बोटभर दुधी आधीपासूनच बसलेला. नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि पराग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचे. हे राहिलं तर तो बोटभर दुधी पिवळा पडून गळतो. काम मिनिटाचं, पण वेळ दिवेलागणीची, म्हणजे नेमकी स्वागतसमारंभांची. सख्ख्या पुतणीच्या समारंभातून अप्पा आइस्क्रीमसुद्धा न घेता उठले. व्याही धावत आले, काही चुकलं का म्हणाले. काकू म्हणाल्या, "नाही हो, घरी एक लग्न आहे."

"कोणाचं?"

"अजून नावं नाही ठेवलेली."

तो दुधी मात्र धरला. अप्पांनी त्याला ओढणीची झोळी बांधली आणि शिंप्याच्या टेपनं रोज त्याचा घेर मोजून वहीत लिहिला. यथावकाश तो उतरवला गेला, त्याचे फोटो निघाले, ते नातेवाइकांना गेले. आणि मग त्यांच्या घरातलं एक जुनं सत्य सगळ्यांसमोर आलं: दुधी तिथे कोणालाच आवडत नाही, अप्पांना तर मुळीच नाही. खरं सांगायचं तर अप्पांना बटाटा सोडून कोणतीच भाजी आवडत नाही. ताटातली मेथी ते आजही पोळीखाली सरकवतात. मी हा दोष म्हणून सांगत नाही. अप्पांना भाजी खायची असती तर ती त्यांनी मंडईतून आणली असती, आणि आमच्या हातावर चार भेंड्या कधीच पडल्या नसत्या.

वांग्यांची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती थोडक्यातच संपली. अक्षय्य तृतीयेला आळी करून वेल लावायची जुनी रीत आहे. अप्पांनी त्याच मुहूर्तावर वांग्याची रोपंही लावली. रोपं मानवली, फुलली, आणि आषाढात कांदेनवमीच्या दुसऱ्या दिवशी पहिली वांगी तोडायला आली. काकू चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं शिवत नाहीत. सोसायटीत चातुर्मास पाळणारी घरं निम्मी, आणि न पाळणारी अप्पांना टाळणारी. चंपाषष्ठीला खंडोबापुढे भरीत-रोडगा ठेवायची वेळ आली तेव्हा झाडावर बियाण्याला राखलेलं एक पिवळं वांगं शिल्लक होतं. ते तोडायला अप्पा तयार होईनात. खंडोबाला बाजारातलं वांगं गेलं.

इथवर हा माणूस आवरण्याजोगा होता. पण समोरची इमारत उंच होत गेली आणि अप्पांच्या गॅलरीतलं ऊन गेलं. दुसऱ्या कोणी कुंड्या आवरल्या असत्या. अप्पांनी ऊन न लागणारं पीक शोधलं.

शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात अळंबीचं काम चालतं, प्रशिक्षण मिळतं, बेणंही मिळतं. अप्पा तिथून ढिंगरी अळंबीचं बेणं आणि एक वही भरून टिपणं घेऊन आले. टिपणं सोपी होती. गव्हाचा भुसा रात्रभर भिजवायचा. मग ऐंशी अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचा, म्हणजे त्यातले नको ते जीव मरतात. मुठीत दाबल्यावर हाताला ओल लागावी पण पाणी ठिबकू नये, इतपत निथळवायचा. प्लास्टिकच्या पिशवीत थर द्यायचे, थरावर गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेलं बेणं पसरायचं, शंभर किलो ओल्या भुशाला दोन किलो या मापानं. पिशवी बांधून तिला भोकं पाडायची आणि पंधरा ते वीस दिवस अंधारात टांगायची. वहीत हे अर्ध्या पानात मावलं. घरात मावायला पाहुण्यांची न्हाणी, सत्यनारायणाच्या प्रसादाचं पातेलं, दोन गॅस सिलिंडर आणि कपड्यांच्या दोऱ्या लागल्या. पाण्याचे ऐंशी अंश मोजायला अप्पा तापाचा थर्मामीटर घेऊन निघाले होते, तो काकूंनी वेळीच काढून घेतला.

पाहुण्यांच्या खोलीत छताच्या हुकांना पिशव्या टांगल्या गेल्या. पाळण्यासाठी ठोकलेले हुक होते ते. बंगळूरहून लेक-जावई आले, त्यांना हॉलमध्ये गाद्या घातल्या. रात्री जावई पाणी प्यायला उठले आणि चुकून त्या खोलीचं दार उघडलं. अंधारात पांढऱ्या पडत चाललेल्या पिशव्या लोंबकळताना बघून ते पाणी न पिताच परत आले. सकाळी अप्पांनी त्यांनाच रागावलं, खोलीत उजेड गेला म्हणून.

भुसा पूर्ण पांढरा झाला की पिशवी कापून काढायची. आता उजेड थोडा हवा, वारा थोडा हवा आणि ओलावा भरपूर, शेकडा ऐंशी-पंच्याऐंशी. तापमान पंचवीसच्या आसपास. अप्पांनी हंगाम धरला एप्रिलचा. पुण्यात तेव्हा पारा चाळिशीला टेकलेला असतो. हॉलमधला कूलर पाहुण्यांच्या खोलीत गेला आणि अप्पा-काकू पंख्याखाली घामाघूम होऊन बसले. काकू अधूनमधून अळंबीची चौकशी करायच्या निमित्तानं त्या खोलीत जाऊन बसत आणि पाऊण तासानं बाहेर येत. अप्पांना वाटलं, काकूंना गोडी लागली.

मग दोन पिशव्यांवर हिरवे डाग आले. अप्पा वही घेऊन धावत कॉलेजात गेले. निदान ऐकून परत आले ते जिन्यानं, कुणाशी न बोलता. हिरवी बुरशी म्हणजे ट्रायकोडर्मा. हीच ट्रायकोडर्मा, निदान हिची सख्खी चुलत बहीण, अप्पा दुकानातून पुडे विकत आणून शेणखतात मिसळून गॅलरीतल्या कुंड्यांना घालत होते, मुळं कुजू नयेत म्हणून. कुंडीत ती वाईट बुरश्यांना खाते आणि अळंबी हीही बुरशीच. चांगली कुठली अन् वाईट कुठली हे तिला कोण सांगणार? त्या दिवसापासून गॅलरीतून पाहुण्यांच्या खोलीत जाताना अप्पा आंघोळ करतात. दिवसातून पाणी मारायच्या चार वेळा धरल्या तर चार आंघोळी. सोसायटीच्या टाकीवर त्याचा परिणाम झाला, पण कारण फक्त आम्हा शेजाऱ्यांना ठाऊक आहे.

पहिलं पीक आलं. टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसले की तीन-चार दिवसांत शिंपल्याएवढ्या छत्र्या होतात. कडा आत वळलेल्या असतानाच त्या काढायच्या. अप्पांना वजन वाढायला हवं होतं, म्हणून त्यांनी आणखी दोन दिवस थांबायचं ठरवलं. छत्र्या सपाट झाल्या, कडा वर वळल्या आणि त्यांनी बीजाणू सोडले. टीव्हीवर, देव्हाऱ्यावर, काकूंच्या चष्म्यावर पांढरी पूड बसली. घरातली सगळी माणसं शिंकत होती, अप्पा शिंकता शिंकता वजन करत होते.

आता हे खाणार कोण? दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी डबा उघडून बघितला आणि झाकण लावलं. "कुत्र्याच्या छत्र्या आहेत रे या. आम्ही लहानपणी काठीनं पाडायचो." अप्पांनी त्यांना प्रथिनांबद्दल सांगितलं. उन्हात उलट्या, म्हणजे खालच्या पापुद्र्यांची बाजू वर करून ठेवल्या की त्यांच्यात ड जीवनसत्त्व तयार होतं, हेही सांगितलं. आणि ते खरंही आहे. आजी म्हणाल्या, "मग मीच बसते की उन्हात."

मालवणी गृहस्थांनी डबा मात्र घेतला. दुसऱ्या दिवशी तो परत द्यायला आले ते हळवे होऊन. पावसाळ्यात गावी वारुळावर उगवणारी अळमी, तिचं खोबऱ्याच्या वाटपातलं कालवण, आजोबांनी कुणाला न सांगितलेली जागा, असं सगळं बोलून झाल्यावर शेवटी म्हणाले, "हेका ती चव नाय हां, अप्पा."

अप्पांना हे लागलं. त्यांनी आठवडाभर वाचन केलं. निष्पन्न झालं ते असं, की वारुळावरची अळंबी वाळवीच पिकवते. वाळवी वारुळाच्या पोटात तिची बाग करते आणि पावसात छत्र्या वर येतात. वाळवी नाही तर ती अळंबी नाही. अप्पा जेवता जेवता काकूंना म्हणाले, "एका बंद पेटीत थोडीशी वाळवी..."

काकू ताटावरून उठल्या आणि कपाटातून बॅग काढली. हा प्रयोग तिथेच थांबला. सोसायटीच्या सेक्रेटरींना तो कधी कळला नाही, कळला असता तर त्यांनी फळ्यावर 'तत्सम' शब्दाचा खुलासा तत्काळ केला असता.

लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला अप्पांनी सिमल्याची तिकिटं काढली तेव्हा ही सगळी भरपाई आहे असं काकूंना वाटलं. कालक्याहून छोटी गाडी निघाली, बोगदे मोजत चढत गेली, आणि वाटेतल्या सोलन स्टेशनवर अप्पा बॅगा घेऊन उतरले. सोलनला अळंबी संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. १९९७मध्ये त्या गावाला भारताचं मशरूम शहर म्हणून जाहीर केलंय. काकूंनी सिमला बघितलं, पण एक दिवस उशिरा आणि हातात बेण्याची पिशवी धरून.

अप्पांची भाषा एव्हाना पूर्ण बदलली होती. कुंड्यांना पाणी महापालिकेचं, तरी ते जूनमध्ये आकाशाकडे बघून 'मृग कोरडा गेला' म्हणत. कबुतरांनी कोथिंबिरीचे कोंब खाल्ले की 'दुबार पेरणीचं संकट' म्हणत. गॅलरीत दोन शिंतोडे आले की 'अवकाळी'. ऐकणारे हसत. अप्पा मनापासून बोलत असत, तरी लोक हसत. खरी शेती त्यांना कळली ती २०२३मध्ये.

त्या जुलैत टोमॅटो किलोला दीडशेच्या पुढे गेला. जुन्नरकडच्या एका शेतकऱ्यानं टोमॅटोवर कोटीच्या वर कमावल्याची बातमी अप्पांनी कापून फ्रिजवर लावली आणि त्याच आठवड्यात गच्चीवर टोमॅटोची रोपं लावली. काठ्या रोवल्या, सुतळ्या बांधल्या, पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे लावले, निंबोळी अर्क फवारला. रोपांनी मान राखला. सप्टेंबरात टोमॅटो लालबुंद पिकले, टोपली भरून निघाले. आजवरचं सगळ्यांत मोठं पीक. आणि त्याच सप्टेंबरात बाजार असा कोसळला की शेतकरी क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतत होते. अप्पा टोपली घेऊन घरोघर फिरले. प्रत्येक घरी स्वस्त म्हणून आणलेले दोन-दोन किलो टोमॅटो आधीच पडलेले. घरी येऊन त्यांनी वही काढली, रोपं, माती, कोकोपीट, सुतळी, अर्क, सगळं मांडलं आणि टोमॅटोंच्या संख्येनं भागलं. एक टोमॅटो अडतीस रुपयांना पडला होता.

"ओता आता रस्त्यावर," काकू म्हणाल्या.

अप्पा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते वही घेऊन फाटकापाशी गेले. तिथे भाजीवाल्या मावशी बसतात. याच मावशींशी दोन रुपयांवरून घासाघीस करायला काकूंना अप्पांनीच शिकवलेलं.

"मेथीची जुडी कशी दिली, मावशी?"

"पंधरा. घ्या काका, ताजी हाय."

"पंधरा? परवडतं कसं तुम्हाला?"

मावशींनी मान वर केली. हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नव्हता. अप्पा फूटपाथवर बसले. बियाणं धरलं, खत धरलं, पाणी, खुरपणी, काढणी, जुड्या बांधायची मजुरी, टेंपो, मार्केट यार्डातली हमाली आणि तोलाई, आणि मावशींचे पहाटे चारपासूनचे तास. ते तास मावशी धरू देत नव्हत्या. "माझं काय धरता," म्हणाल्या. अप्पांनी धरले. गॅलरीतल्या मेथीचा अनुभव असल्यामुळे प्रत्येक आकडा त्यांनी थोडा चढाच धरला. खाली दोन रेघा मारून उत्तर लिहिलं: जुडी रुपये एकशे दहा. कागद फाडून मावशींना दिला.

तेव्हापासून आमच्या फाटकाशी मेथी वीस रुपये आहे. मावशींनी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून तराजूखाली ठेवलाय. सोसायटीतल्या बायका अप्पांवर खवळल्या आहेत आणि त्यांचं शिष्टमंडळ काकूंना भेटून गेलं. काकूंनी त्यांना चहा दिला, टोमॅटोचं सार दिलं, आश्वासन दिलं नाही. परवा पहिल्या मजल्यावरच्या वहिनी जुडी उलटीपालटी करत म्हणाल्या, "पंधराला द्या, मावशी." मावशींनी तराजू बाजूला केला आणि पिशवीतून कागद काढला.

"वाच. मोठ्या हापिसातल्या माणसानं लिवून दिलंय. एकशे धाची जुडी तुला इसाला देतीय, बाई, अन् वर कढीपत्ता मागतीस?"